टेन्शन घेऊ नको, स्पीड बघ

आमच्या बीबीत टेन्शनवर एकच औषध मिळतं आणि तेही फुकट. 'टेन्शन नको घेऊ.' ऐन शेंगा भरायच्या वेळी पावसानं दडी मारली? टेन्शन नको घेऊ. पोराचा बारावीचा गणिताचा पेपर गेला? टेन्शन नको घेऊ. डॉक्टरनं जालन्याला जाऊन मोठ्या मशीनचा फोटो काढून आणायला सांगितला? मग तर अजिबातच नको घेऊ. हे औषध द्यायला डिग्री लागत नाही की दुकान लागत नाही. देणारा ते देतो, खांद्यावर थाप मारतो आणि पानटपरीकडे निघून जातो. घेणारा घरी येऊन रात्रभर आढ्याकडे पाहत पडतो, कारण आता त्याच्याजवळ दोन टेन्शनं झालेली असतात. एक मूळचं, आणि दुसरं म्हणजे एवढं समजावून सांगितलं तरी आपण ते घेतोच आहोत याचं.

या औषधावरचा माझा विश्वास उडाला तो विमानामुळे.

बीबी हे लोणार तालुक्यातलं, मेहकर ते सिंदखेड राजा रस्त्यावरचं गाव. आमच्या आभाळातून विमानं जातात, पण आमच्याकडे त्यांचं काही काम नसतं. तसा आकाशातून उतरलेला एक पाहुणा तालुक्याला लाभला आहे. हजारो वर्षांपूर्वी तो लोणारला उतरला आणि उतरताना नाक वर घ्यायचं विसरला. त्या लँडिंगचा खड्डा सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. २०२० साली त्याला रामसरच्या यादीत जागा मिळाली आणि जगभरचे शास्त्रज्ञ अजून त्याच्या काठावर फिरतायत. एवढ्या वाईट लँडिंगचं एवढं कौतुक दुसऱ्या कुठल्या तालुक्यानं केलं नसेल. म्हणून पुतण्यानं पायलट व्हायचं ठरवलं तेव्हा मी त्याला एवढंच म्हणालो, "बाबू, तू कसाही उतरलास तरी तालुक्याचा विक्रम काही मोडत नाहीस."

घरात या विनोदाला कुणी हसलं नाही. वहिनीनं देव पाण्यात ठेवले. आमच्या आईनं नातवाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "याले सायकलवर दळन आनता येत नाई, अन् हा इमान आननार?" भाऊ काहीच बोलला नाही. तो वहीत हिशेब मांडत होता, आणि भाऊनं वही काढली की घरातली सगळी माणसं आपापल्या कामाला लागतात.

हिशेब असा होता. कमर्शिअल पायलटचं लायसन्स हवं तर आपल्या देशात २०० तास उडावं लागतं. त्यातले १०० तास विमानाचा कारभारी तूच, दुसरा कुणी नाही. छोट्या विमानाचा एक तास पंधरा-वीस हजारांच्या घरात जातो. सोयाबीनचा २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, आणि तो बाजारात मिळेल याची हमी कुणी देत नाही. म्हणजे दर पंधरा-वीस मिनिटांनी एक क्विंटल सोयाबीन आभाळात. त्यातून विमानातलं मीटर तासाचा दहावा भाग मोजतं, म्हणून दर सहा मिनिटांनी आकडा पुढे सरकतो. पोरगं सांगायचं की सुरुवातीला त्याला ना उंची दिसायची ना दिशा, दिसायचं ते फक्त मीटर. आकडा सरकला की इंजिनाच्या आवाजातूनही बापाचा आवाज ऐकू यायचा, "गेलं तीस किलो." उडायला शिकताना येणाऱ्या ताणावर बाहेरच्या देशांत जाडजूड पुस्तकं निघाली आहेत. त्यांत सोयाबीनवर एक प्रकरण घालायला हवं.

उडायला शिकायच्या जागा महाराष्ट्रात आता बऱ्याच झाल्यात. नागपूरचा फ्लाइंग क्लब १९४७ पासूनचा. मुंबईचा क्लब त्याहून जुना, १९२८चा, पण त्याची शिकाऊ विमानं आता धुळ्याच्या धावपट्टीवरून उडतात. बारामती आहे, शिरपूर आहे, जळगाव आहे, गोंदियाजवळचं बिरसी आहे. यांतल्या किंवा यांच्याबाहेरच्या कुठल्या जागी आमचा पोरगा शिकला ते मी सांगणार नाही, कारण पुढे त्याच्या मास्तरांविषयी चार शब्द यायचे आहेत आणि अजून एक पुतण्या रांगेत आहे.

आकाशात जाण्याआधी वर्गात बसावं लागतं. हवामान, दिशाशोधन, नियम, विमानाचं तंत्र असे पेपर, आणि प्रत्येकात शंभरात ७० हवेत. त्यावर रेडिओची परीक्षा. आपल्या विमानाचं नाव 'अल्फा, ब्राव्हो, चार्ली' अशा शब्दांत सांगायचं आणि टॉवरनं दिलेला आदेश जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा. टॉवरशी बोलताना आवाज कापता कामा नये, म्हणून सुट्टीत गावी आल्यावर पोरगा गोठ्यात जाऊन सराव करायचा. तिन्हीसांजेला, अंधारात, एकटाच, "व्हिक्टर टँगो, रेडी फॉर डिपार्चर." पुढ्यात दोन म्हशी. शेजारच्या आजीनं वहिनीला बाजूला घेऊन विचारलं, "पोराले बाहेरचं काई लागलं का व बाई?" वहिनी म्हणाली, "नाई व, परीक्षा हाये." आजी म्हणाली, "मंग त् लिंबू उतरवूनच टाक."

इथवर सगळं ओळखीचं होतं. परीक्षा, पैसा, शेजारी. माझे कान टवकारले ते पोरानं सांगितलेल्या एका यादीनं.

विमानाला हात लावण्याआधी वैमानिकानं स्वतःला सहा गोष्टी विचारायच्या असतात. इंग्रजी आद्याक्षरं जुळवली की 'आयम सेफ' होतं, म्हणून लक्षात राहायला सोपं. आजार आहे का, औषध घेतलंय का, ताण आहे का, दारू घेतली होती का, थकवा आहे का, आणि शेवटी मन ठिकाणावर आहे का. काही जण तिथे पोटात काही आहे का हेही विचारतात. यादीत ताणाला स्वतःची जागा आहे, औषध आणि दारू यांच्या मधोमध. आमच्याकडेही हाच क्रम लागतो, फक्त आम्ही यादी करत नाही.

एकदा सकाळी बापाचा फोन झाला होता. शेतावर बोजा चढवायचा की सोनं मोडायचं असं काहीतरी. पोरगा तसाच विमानापाशी गेला आणि मास्तरांनी नेहमीची चौकशी केली तेव्हा बोलून गेला, "सर, आज थोडा ताण आहे." मला वाटलं, मास्तर आता खांद्यावर थाप मारून ते प्रसिद्ध औषध देणार. मास्तर म्हणाले, "बरं केलंस सांगितलंस. आज उडायचं नाही. चहा पी, सिम्युलेटरवर बस, उद्या बघू." विषय संपला. रागावणं नाही, उपदेश नाही, 'आमच्या वेळी' नाही.

ही हकीकत मी पारावर सांगितली तेव्हा बराच वेळ कुणाचा विश्वास बसेना. एक निवृत्त तलाठी म्हणाले, "ताण आहे म्हटलं की सुट्टी? मग तहसीलला एक खुर्ची भरलेली दिसणार नाही." तहसील जमिनीवर आहे, तिथे मन ठिकाणावर नसलं तरी कागद खाली पडतात, माणसं नाहीत, हे मी त्यांना समजावलं. पडणाऱ्या कागदांवर ज्यांचे सातबारे होते ते पारावरचे लोक गप्प बसले.

आता, ताण पार नाहीसा झाला तरी चालत नाही म्हणे. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग केले. विजेचा बारीक झटका बसला की उंदीर लवकर शिकत. पण काम अवघड असेल आणि झटका जोराचा असेल तर शिकणं बिघडत जाई. त्यावरून मानसशास्त्रात नियमच झाला: थोडा ताण माणसाला जागं ठेवतो, फार झाला की डोकं बंद पाडतो. मला यात नवल वाटलं नाही. आमच्या शाळेत हा प्रयोग बरीच वर्षं चालला, विजेऐवजी निरगुडीच्या फोकानं. फक्त कुठे थांबायचं तो आकडा उंदरांच्या मास्तरांनी काढला, आमच्यांनी काढला नाही.

पोरगा शिकत होता त्या उन्हाळ्यात मी आणि भाऊ त्याला भेटायला गेलो. बोलावणं सकाळी साडेपाचचं. एवढ्या पहाटे का, तर विदर्भ-खानदेशातल्या मे महिन्यात हवा तापली की ती विरळ होते. विमानाला धावपट्टीवर जास्त पळावं लागतं, चढायला वेळ लागतो, आणि दुपारी जमिनीवरून उठणारे गरम झोत त्या छोट्या विमानाला खालून ढुशा देतात. म्हणून शिकाऊ उड्डाणं बहुतेक सकाळी उरकतात.

विमान होतं सेसना १७२. चार माणसांचं, पंख डोक्यावर, पुढे एकच पंखा. १९५६ पासून बनतंय आणि आजवर ४४ हजारांच्या वर बनली आहेत. याच्याएवढी दुसऱ्या कुठल्या विमानाची पैदास नाही. पोरगा त्याच्याभोवती फिरायला लागला. शिडीवर चढून पंखातल्या टाकीचं झाकण उघडलं, आत पट्टी बुडवली, किती ओली झाली ते बघितलं. काट्यावर भरवसा नाही का, असं भाऊनं विचारलं, तर म्हणाला, "आहे, पण पट्टीवर जास्त आहे." मग पंखाखाली वाकून एका पारदर्शक नळीत घोटभर इंधन काढलं. निळंशार. तो ती नळी उजेडाकडे धरून तळ निरखत उभा राहिला. पाणी शिरलं असेल तर ते तळाशी बसतं आणि मधली रेघ दिसते. रेघ नव्हती. त्याचा चेहरा मी तेव्हा पाहिला. ज्या पोराला बारावीत 'प्रश्नपत्रिका दोनदा वाच' हे सांगून आमच्या जिभा झिजल्या, तो एका नळीतल्या घोटभर इंधनाकडे इतक्या सबुरीनं बघत होता.

त्यानंतर आत बसून त्यानं कागद काढला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. इंधनाचा कॉक? उघडा. दारं? बंद. पट्टे? बांधलेले. भाऊ माझ्या कानात म्हणाला, "पाठ नाही झालं वाटतं अजून." पाठ सगळ्यांचंच असतं. तरी वाचायचं असतं, आणि त्यामागे एक गोष्ट आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत बोइंगचं नवंकोरं मॉडेल २९९ चाचणीसाठी उडालं. चार इंजिनांचं, त्या काळचं अजस्र धूड. चालवणारे नवशिके नव्हते, नावाजलेले वैमानिक होते. विमान उभं असताना वाऱ्यानं शेपटाचे भाग हलू नयेत म्हणून जी कडी लावतात, ती काढायची राहिली. विमान उठलं, नको तेवढं नाक वर करत गेलं आणि कोसळलं; दोघांचा जीव गेला. चूक अज्ञानाची नव्हती, विसरण्याची होती. त्यातून वैमानिकांनी कागदावर यादी करून ती वाचायची पद्धत पाडली. तेच विमान पुढे बी-१७ म्हणून १२ हजारांवर बनलं. घाबरलेला माणूस सगळ्यात आधी पाठ केलेलंच विसरतो, हे ज्यांनी मान्य केलं त्यांनी कागद हातात घेतला. आमच्याकडे कागद बघून काम करणाऱ्याला 'कच्चा' म्हणतात आणि लग्नात मंगळसूत्र घरी राहतं.

कुंपणाशी बाकड्यावर बसून आम्ही लँडिंगं बघत होतो. शेजारचं वावर ज्यांचं होतं ते गृहस्थही रोजच्यासारखे येऊन बसले होते. एक विमान आलं, धावपट्टीवर आपटलं, उडालं, परत आपटलं. "हे आपलं," भाऊ म्हणाला. मागून दुसरं आलं आणि कधी टेकलं ते कळलंच नाही. त्यातून एक मुलगी उतरली. गृहस्थ चकित. "पोरगी चालवते?" मी त्यांना सांगितलं की १९८५ सालीच सौदामिनी देशमुख यांनी इंडियन एअरलाइन्सचं फोकर विमान नेलं होतं आणि त्यात सगळ्या बायकाच होत्या. ते विचारात पडले. म्हणाले, "म्हंजे तवापासून त्या चालवतेत, अन् आमी अजून चकितच होतो."

पोराच्या आपटण्याचं कारण मास्तरांनी आमच्यादेखत सांगितलं: पकड. नवा गडी कासरा धरतो तसा हा दांडा धरतो. बैलाला वाटतं काहीतरी भयंकर झालंय, आणि मग तो ते करून दाखवतो. घाबरल्यावर माणूस दोन गोष्टी नकळत करतो, मूठ आवळतो आणि श्वास धरून ठेवतो. मूठ आवळली की विमान काय सांगतंय ते हाताला लागत नाही. त्यावर मास्तरांचा उपाय एका पेन्सिलीचा. बोटांमध्ये ती अशी अडकवायची की मूठ घट्ट झाली की बोटं दुखतात. 'रिलॅक्स हो' असं ते एकदाही म्हणाले नाहीत. रिलॅक्स हो म्हटल्यावर रिलॅक्स झालेला माणूस मी तरी आजवर पाहिलेला नाही. पाय हलव, श्वास सोड, दोन बोटांनी धर, असं म्हटलं की मात्र माणसाला करायला काहीतरी मिळतं.

आणि मग ते प्रसिद्ध इंजिन बंद पाडणं. शिकवताना मास्तर वर गेल्यावर मधेच पॉवर काढून घेतात. आवाज एकदम बसतो. पहिल्यांदा झालं तेव्हा आमच्या पोरानं मास्तरांकडे बघितलं. मास्तर खिडकीबाहेर बघत होते.

"सर, इंजिन!"

"हो. स्पीड किती?"

"सर, इंजिन गेलं!"

"ऐकलं मी. स्पीड किती?"

स्पीड ६५ नॉटच्या आसपास ठेवायचा असतो, तासाला साधारण १२० किलोमीटर. समृद्धी महामार्गावर मोटारीला जेवढी मुभा आहे तेवढाच. तेवढा ठेवला तर इंजिन नसतानाही हे विमान तरंगत राहतं. एक किलोमीटर उंचीवरून साधारण नऊ किलोमीटर लांब जाऊ शकतं. तेवढ्यात मोकळं वावर शोधता येतं. पण स्पीड सोडला तर मात्र खरंच पडतं. म्हणून वैमानिकांचा क्रम ठरलेला आहे. आधी विमान उडतं ठेवा, मग कुठे जायचं ते ठरवा, आणि मग कुणाला सांगायचं ते सांगा.

आमचा क्रम याच्या बरोबर उलटा. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या गल्लीत विहिरीवरची मोटर जळाली. पहिल्या पाच मिनिटांत ती बातमी पुण्यातल्या जावयाला, सुरतेतल्या मेहुण्याला आणि व्हॉट्सॲपच्या तीन ग्रुपला पोचली होती. मोटरचा फोटो स्टेटसला लागला. मग मेकॅनिक मेहकरहून आणायचा की दुसरबीडहून यावर चर्चा झाली. सगळ्यात शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं की मेन स्विच चालूच आहे.

दुसरी गोष्ट ताब्याची. विमानात दोघांच्या पुढ्यात दोन दांडे असतात. त्यामुळे आत्ता कोण चालवतंय यात संशय राहू नये म्हणून देणारा म्हणतो, "यू हॅव कंट्रोल." घेणारा म्हणतो, "आय हॅव कंट्रोल." देणारा पुन्हा एकदा खात्री करतो. तीनदा बोलल्याशिवाय हात सोडायचा नाही. हे ऐकून मला आमच्या घरातलं कुठलंही कार्य आठवलं. तिथे आचाऱ्याला मीठ किती घालायचं ते पाच जण सांगतात, मांडववाल्याला दोन जण, बँडवाल्याला सगळे. आणि अंगावर आलं की दांडा एकदम मोकळा. "आम्हाला वाटलं तुम्ही बघताय." घरातला निम्मा ताण कामाचा नसतो, ते काम नक्की कुणाकडे आहे याचा असतो. पोरगा घरी आल्यावर त्यानं हा नियम स्वयंपाकघरात आणायचा प्रयत्न केला. दूध गॅसवर ठेवून आत जाताना आजीला म्हणाला, "आजी, यू हॅव कंट्रोल." आजी म्हणाली, "माह्याकडंच हाये साठ वर्षांपासून. तू कोन देनारा?"

होस्टेलमधला सगळ्यात मोठा ताण मात्र आकाशातला नसतो. तो असतो 'तुझा सोलो किती तासांत झाला?' हा. सोलो म्हणजे मास्तर उतरून जातात आणि पोरगा एकटाच एक फेरी मारून येतो. कुणाचा लवकर होतो, कुणाचा उशिरा, आणि उशीर झालेल्याला जेवण जात नाही. बापालाही जात नाही, कारण ओट्यावर पोती मोजलेली असतात. अशा वेळी मी पोराला जे. आर. डी. टाटांची गोष्ट सांगितली. १९२९ साली आपल्या देशात दिलेलं पहिलं वैमानिक लायसन्स त्यांचं. त्याच सुमारास आगाखानांनी बक्षीस लावलं: इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामध्ये जो भारतीय प्रथम एकट्यानं उडत जाईल त्याला ५०० पौंड. टाटा कराचीहून निघाले. अ‍ॅस्पी इंजिनिअर नावाचा कोवळा पोरगा इंग्लंडहून निघाला. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अ‍ॅस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून पडला होता. टाटांनी आपल्याजवळचे प्लग काढून त्याला दिले. बक्षीस अ‍ॅस्पीनं जिंकलं, थोडक्यात. टाटांनी एअरलाइन काढली, अ‍ॅस्पी पुढे हवाई दलाचे प्रमुख झाले. गोष्ट ऐकून पोरगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, आमच्या रूममधला चार्जरसुद्धा देत नाही कुणाला."

सोलो अखेर झाला. मास्तर उतरले, दार लावलं, काचेवर टिचकी मारली आणि मागे न बघता चालत गेले. एक माणूस कमी झाल्यामुळे विमान नेहमीपेक्षा भराभर चढतं. पहिली भीती त्याचीच, की हे आज एवढं उत्साहात का आहे. उतरल्यावर पोरांनी बादलीभर पाणी ओतून त्याला भिजवलं. त्यानं फोन केला. वहिनीनं देव पाण्यातून काढले, आणि ओला पोरगा व कोरडे देव असा समतोल साधला गेला.

मग लांबच्या फेऱ्या आल्या. लायसन्ससाठी एक सलग प्रवास ३०० नॉटिकल मैलांचा, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरच्या वर, आणि वाटेत दोन परक्या धावपट्ट्यांवर उतरायचं. त्यात हरवण्याचा ताण. पण समृद्धी महामार्ग वरून दिसला की नवख्याच्या जिवात जीव येतो, आणि लोणारचा गोल खड्डा तर नकाशात चूक व्हायला जागाच ठेवत नाही. त्या बेढब पाहुण्याचा एवढ्या हजार वर्षांनी कुणाला तरी उपयोग झाला. ज्या दिवशी तो इकडून गेला असं कळलं, त्या दिवशी बीबीतल्या किमान चाळीस माणसांनी त्याला हात केला होता. त्यातले तीन जण त्या दिवशी गावात नव्हते.

पण या सगळ्या विद्येतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. तिचं नाव गो-अराउंड. विमान उतरायला आलंय, धावपट्टी समोर आहे, आणि दिसतंय की जमत नाहीये. वेग जास्त आहे, वारा आडवा आहे, किंवा पट्टीवर एक रोही उभा राहून आपल्याकडे कौतुकानं बघतोय. अशा वेळी ओढूनताणून टेकवायचं नाही. पूर्ण पॉवर द्यायची, वर जायचं, एक फेरी मारून पुन्हा यायचं. यात नाक कापलं जात नाही. टॉवर 'का' म्हणून विचारत बसत नाही. मास्तर तर बिघडलेलं लँडिंग रेटून नेणाऱ्यावर रागावतात, सोडून देणाऱ्यावर नाही. उतरलंच पाहिजे ही सक्ती डोक्यातून गेली की निम्मा ताण तिथेच संपतो, असं पोरगा सांगतो. आमच्याकडे पोराला एकदा कोट्याच्या क्लासला घातलं की त्यानं तिथेच उतरायचं, पट्टी असो की नसो. सोयरीक एकदा बोलली की मुहूर्त धरायचाच, मग दोन्ही बाजूंना चाकं वाकलेली दिसत असली तरी.

लायसन्स हातात आलं, नोकरी यायची होती, पण स्थळं आली. मेहकरकडच्या एका घरी आम्ही गेलो. पोहे आले. मध्यस्थ अनुभवी होते. पोहे संपायच्या आत होकार काढून घ्यायची त्यांची ख्याती. मुलीचे काका म्हणाले, "आता टेन्शन कशाचं? हो म्हणून टाका." मुलगी शिकलेली होती, बँकेत होती. तिनं पोराला सरळ विचारलं, "उतरताना सगळ्यात अवघड काय असतं?"

पोरगा म्हणाला, "जमत नसेल तर उतरायचं नाही, हे वेळेवर ठरवणं."

मग त्यानं तिला गो-अराउंड समजावून सांगितलं. हातानं धावपट्टी दाखवली, बशीचं विमान केलं. ती लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मग आपण अजून एक फेरी मारू या का? मलाही एवढ्यात काही कळलेलं नाही."

"चालेल," पोरगा म्हणाला, आणि तिथे बसलेल्या एकवीस माणसांत मोकळा श्वास घेणारे ते दोघंच होते.

मध्यस्थांनी चष्मा काढला. "म्हंजे होकार का नकार?"

मी म्हणालो, "दोन्ही नाही. वर जाऊन एक चक्कर मारून येतात. घाई केली तर आपटतात."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मुलीची आई पदर खोचत उठली.

"म्हंजे पोहे पुन्हा करा लागतीन," ती म्हणाली.